जपानी ॲनिमेशनपट सांस्कृतिक संस्थांत: दाखवायचं काय, बोलायचं काय

2002 च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात हायाओ मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’ला ‘सुवर्ण अस्वल’ मिळालं. हा सन्मान एका ब्रिटिश-आयरिश चित्रपटाबरोबर विभागून होता. पुढच्या वर्षी याच चित्रपटाला ऑस्कर मिळालं. 2024 मध्ये मियाझाकींच्याच ‘द बॉय अँड द हेरॉन’ला दुसरं ऑस्कर मिळालं आणि त्याच वर्षी कान महोत्सवाने मानद ‘पाम दोर’ एका व्यक्तीऐवजी त्यांच्या अख्ख्या स्टुडिओ जिब्लीला दिला. असा सन्मान एखाद्या चमूच्या वाट्याला प्रथमच आला. दरम्यानच्या वर्षांत संग्रहालयं, फिल्म अर्काइव्ह, विद्यापीठं, ग्रंथालयं आणि फिल्म सोसायट्या यांनी जपानी ॲनिमेशनपटांना मानाने जागा दिली. हे चित्रपट अशा ठिकाणी दाखवण्याजोगे आहेत का, हा वाद आता जवळपास मिटला आहे. त्यातले कोणते निवडायचे, ते कोणत्या भाषेत आणि कोणत्या वयाच्या प्रेक्षकांना दाखवायचे, आणि खेळ संपून दिवे लागल्यावर नेमकं बोलायचं काय, यावर मात्र एकमत नाही. या लेखात त्या मतभेदांचा आढावा घ्यायचा आहे.

इथवरचा प्रवास

जपानमध्ये ॲनिमेशन तयार होऊ लागलं 1917 मध्ये. त्या वर्षीचा जुनइची कोउची यांचा ‘नामाकुरा गाताना’ हा काही मिनिटांचा विनोदी चित्रपट हरवला असंच सगळे धरून चालले होते. तो 2007 मध्ये ओसाकातल्या जुन्या बाजारात सापडला आणि पुढे टोकियोच्या राष्ट्रीय फिल्म केंद्रात दाखवला गेला. जपानचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट म्हणजे मित्सुयो सेओ यांचा ‘मोमोतारो: समुद्राचे पवित्र सैनिक’. जपानी नौदलाच्या सांगण्यावरून तयार झालेला हा प्रचारपट एप्रिल 1945 मध्ये प्रदर्शित झाला. युद्धानंतर नष्ट झालेला समजला जाणारा हा चित्रपट 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला शोचिकू कंपनीच्या गोदामात मिळाला आणि 2016 मध्ये डिजिटल दुरुस्तीनंतर कानच्या अभिजात विभागात पोहोचला. तोएई कंपनीचा पहिला रंगीत ॲनिमेशनपट ‘हाकुजादेन’ 1958 चा. तोही 2019 मध्ये त्याच विभागात दाखवला गेला.

पश्चिमेकडचा रस्ता सुरुवातीला खडतर होता. मियाझाकींच्या 1984 च्या ‘नाउसिका’मधली वीसहून अधिक मिनिटं कापून, नाव बदलून तो अमेरिकेत मुलांचा साहसपट म्हणून विकला गेला. हा अनुभव स्टुडिओ जिब्लीने कायमचा लक्षात ठेवला. ‘प्रिन्सेस मोनोनोके’च्या वेळी एकही कट नको, ही त्यांची अट होती. कलासंस्थांचा हात मिळाला तो नंतर. कात्सुहिरो ओतोमोंच्या ‘अकिरा’चा ब्रिटनमधला प्रवास 1991 मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्सच्या छोट्या चित्रपटगृहात सुरू झाला. पुढे मामोरु ओशिईंचा ‘इनोसन्स’ 2004 मध्ये कानच्या, सातोशी कोन यांचा ‘पाप्रिका’ 2006 मध्ये व्हेनिसच्या, तर माकोतो शिनकाईंचा ‘सुझुमे’ 2023 मध्ये बर्लिनच्या मुख्य स्पर्धेत होता. लॉस एंजेलिसचं अकॅडमी म्युझियम 2021 मध्ये उघडलं, तेव्हा त्याच्या पहिल्या तात्पुरत्या प्रदर्शनाचा मान मियाझाकींना मिळाला.

खुद्द जपानमध्ये सरकारी मान्यता सरळ रेषेत आली नाही. 2009 मध्ये पंतप्रधान आसो यांच्या सरकारने मांगा (जपानी चित्रकथा), ॲनिमेशन आणि व्हिडिओ गेम यांच्यासाठी सुमारे 1170 कोटी येन खर्चाचं राष्ट्रीय केंद्र उभारायचं ठरवलं. विरोधकांनी त्याला ‘सरकारी मांगा कॅफे’ म्हणून हिणवलं आणि सत्ताबदल होताच योजना रद्द झाली. जनतेच्या पैशातून लोकप्रिय करमणुकीचं घर बांधावं का, हा त्या वेळचा वाद आजही पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो.

निवड कोणाची आणि कशाची

निवडीबाबत साधारण तीन भूमिका दिसतात.

पहिली दिग्दर्शककेंद्री. मियाझाकी, इसाओ ताकाहाता, ओशिई, कोन, शिनकाई, नाओको यामादा यांच्याकडे ही मंडळी बर्गमन किंवा ओझू पाहावेत तशी पाहतात. मालिका करायची, पुस्तिका छापायची, जाणकार बोलवायचा. फिल्म सोसायटीच्या सवयीत ही पद्धत चपखल बसते आणि तिचा फायदाही खरा आहे. ॲनिमेशन म्हणजे पोरखेळ, हा समज मोडला तो याच वाटेने.

दुसरी भूमिका उद्योगाकडून सुरू होते. ओसामु तेझुकांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका 1963 मध्ये दूरचित्रवाणीवर आली. दर आठवड्याला अर्धा तास भरायचा तर कमी चित्रांत काम भागवणं भाग होतं. एका सेकंदाला चोवीस चौकटी, पण चित्रं आठ किंवा त्याहून कमी, आणि पैसा खेळणी-चॉकलेटांतून. या अडचणीतूनच एक दृश्यभाषा घडली: स्थिर चेहरा, सरकती पार्श्वभूमी, लांबलेला क्षण. थॉमस लामार, मार्क स्टाइनबर्ग यांच्यासारख्या अभ्यासकांनी गेल्या दोन दशकांत हे तपशिलाने मांडलं आहे. त्यांच्या दृष्टीने पाहिलं, तर निवडक दहा ‘थोर’ चित्रपट बाजूला काढून दाखवणं म्हणजे झाड सोडून फळं मांडणं. मालिका, मांगा, खेळणी, चाहते यांच्याशिवाय ते चित्रपट समजत नाहीत.

तिसरी भूमिका दूतावास आणि सांस्कृतिक विभागांची आहे. जपान फाउंडेशनसारखी संस्था परदेशात चित्रपट पोहोचवते, महोत्सव भरवते, ते या विश्वासाने की चित्रपटातून देशाची ओळख होते. अनेक छोट्या संस्थांना चांगली प्रत आणि परवानगी याच मार्गाने मिळते. आक्षेप असा, की यातून जपानचं देखणं, निरुपद्रवी रूपच पुढे येतं. माझ्या मते हा आक्षेप पूर्ण खरा नसला, तरी निमंत्रणपत्रिका वाचताना ध्यानात ठेवावा असा आहे.

या तिन्ही भूमिकांच्या फटीतून एक मोठी गोष्ट निसटते, ती म्हणजे स्वतंत्र लघुपट. कोजी यामामुरांच्या ‘आतामायामा’ला 2003 मध्ये आनेसीच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला, कुनिओ कातोंच्या पाण्यात बुडणाऱ्या घराच्या लघुपटाला 2009 मध्ये ऑस्कर. हिरोशिमाचा आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन महोत्सव 1985 ते 2020 हीच परंपरा जपत राहिला. तरीही ‘जपानी ॲनिमेशन सप्ताह’ अशी पाटी लागली, की सातांपैकी पाच संध्याकाळी जिब्लीच्या असतात. प्रेक्षक येतात म्हणून हे होतं, हे मान्य. पण बारा मिनिटांचा एक लघुपट मुख्य चित्रपटाआधी जोडायला फारसा खर्च येत नाही आणि चर्चेची पातळी त्याने बदलते.

परंपरा की आयात?

प्रास्ताविक करणारा वक्ता हमखास एक वाक्य म्हणतो: जपान्यांना चित्रांतून गोष्ट सांगायची शेकडो वर्षांची सवय आहे. या वाक्यामागे खरा वाद आहे. ताकाहातांनी 1999 मध्ये एक अख्खा ग्रंथ लिहून दाखवलं, की बाराव्या शतकातल्या चित्रगुंडाळ्यांमध्ये, म्हणजे ‘शिगिसान एंगी’ किंवा ‘बान दाइनागोन’मध्ये, काळाचा प्रवाह, पात्राची पुनरावृत्ती, नजरेला डावीकडे ओढत नेणं अशा चित्रपटीय युक्त्या आधीच आहेत. दिग्दर्शकाच्या डोळ्याने केलेलं ते वाचन फार सुंदर आहे. टीकाकार आणि मांगालेखक एइजी ओत्सुका यांना ही वंशावळ मान्य नाही. त्यांच्या मते आजच्या मांगा-ॲनिमेशनची शैली 1930-40 च्या दशकांत, डिस्नेचं चित्रण आणि आइझेनश्टाइनचा मोंताज यांच्या मिश्रणातून, तेही युद्धकाळाच्या दडपणाखाली घडली. प्राचीन परंपरेचा दाखला देऊन हा अवघड इतिहास झाकला जातो, असं त्यांचं म्हणणं.

संग्रहालयांना पहिली मांडणी सोयीची वाटते, कारण एका भिंतीवर गुंडाळी आणि दुसऱ्या भिंतीवर सेल, म्हणजे ॲनिमेशनचं पारदर्शक पत्र्यावरचं चित्र, लावता येतो. दोन्ही बाजू ऐकल्या, की मला वाटतं ताकाहातांचं म्हणणं इतिहास म्हणून कमी आणि कलावंताचा जाहीरनामा म्हणून जास्त मोलाचं आहे. त्यांचा ‘द टेल ऑफ प्रिन्सेस कागुया’ पाहताना ते पटतं. कागुया मेजवानीतून पळून जाते त्या प्रसंगात रेषा फाटते, कोळशाच्या फराट्यांसारखी होते, रंग गळून पडतो. ही रेषा गुंडाळीतून आली की नाही, यावर वाद घालावा. तिने काय साधलं, यावर मात्र सभागृहात बोलायलाच हवं.

युद्धपट आणि खेळानंतरची चर्चा

सगळ्यात तीव्र आणि सगळ्यात फलदायी मतभेद इथे आहेत.

ताकाहातांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ 16 एप्रिल 1988 रोजी मियाझाकींच्या ‘माय नेबर तोतोरो’च्या जोडीने एकाच तिकिटात प्रदर्शित झाला. अकियुकी नोसाकांच्या 1967 च्या कथेवर तो बेतलेला आहे. कोबेवरच्या बॉम्बहल्ल्यानंतर भावंडं निराधार होतात आणि उपासमारीने मरतात. जगभर तो युद्धविरोधी चित्रपट म्हणून दाखवला जातो. ताकाहातांना मात्र हे वर्णन कधीच मंजूर नव्हतं. असे चित्रपट पुढचं युद्ध थांबवत नाहीत, असं ते सांगत. समाजापासून तुटून दोघांचंच जग उभारू पाहणाऱ्या मुलाचं अपयश त्यांना दाखवायचं होतं. नऊ वर्षांचे असताना, जून 1945 मध्ये ओकायामा शहरावरच्या हल्ल्यातून ते स्वतः वाचले होते. हे ते ओकायामा, ज्याच्या मैत्रीखातर पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान उभं आहे.

मग चर्चा कोणत्या बाजूने न्यायची? एक मत म्हणतं, दिग्दर्शकाचं म्हणणं प्रेक्षकावर बंधनकारक नाही. लोक रडतात, युद्धाचा तिटकारा घेऊन घरी जातात, ते पुरेसं आहे. दुसरं मत म्हणतं, केवळ अश्रूंवर थांबलं तर जपान या युद्धात फक्त बळी होता, असा समज घेऊन प्रेक्षक बाहेर पडतो. चीन, कोरिया, आग्नेय आशिया यांच्या वाट्याला काय आलं, ते पडद्याबाहेरच राहतं. सुनाओ काताबुचींच्या 2016 च्या ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’बाबत हा वाद आणखी बारीक झाला. मूळ मांगामध्ये शरणागतीच्या दिवशी कोरियाचा झेंडा फडकताना पाहून नायिका सुझू स्वतःच्या देशाने केलेल्या हिंसेबद्दल थेट बोलते. चित्रपटात तिचे शब्द बदलून ते समुद्रापलीकडून आलेल्या धान्यावर आपण वाढलो, अशा जाणिवेकडे वळवले आहेत. काहींना यात कबुली पातळ झाल्याचं दिसलं. काहींना वाटलं, की रोज चुलीशी असलेल्या बाईला साम्राज्य कळेल ते ताटातूनच, म्हणून हा बदल अधिक खरा आहे. मला दुसरं म्हणणं पटतं, पण चर्चेत मूळ पानही समोर ठेवलं पाहिजे.

या चित्रपटाचा प्रवास संस्थांनी मुद्दाम अभ्यासावा. लोकवर्गणीच्या आधाराने तो उभा राहिला, 63 पडद्यांवर लागला, छोट्या चित्रपटगृहांनी तो सोडला नाही आणि दिग्दर्शक गावोगाव जाऊन प्रेक्षकांशी बोलत राहिले. ‘किनेमा जुनपो’ मासिकाने त्याला 2016 चा सर्वोत्तम जपानी चित्रपट ठरवलं. त्याआधी हा मान मिळालेला ॲनिमेशनपट होता 1988 चा ‘तोतोरो’.

‘द विंड रायझेस’ने 2013 मध्ये एकाच वेळी तीन दिशांनी टीका ओढवून घेतली. झिरो लढाऊ विमानाच्या अभियंत्याचं इतकं हळुवार चित्रण कोरियात अनेकांना खटकलं. त्याच सुमारास मियाझाकींनी राज्यघटना बदलण्याला विरोध करणारा लेख लिहिल्याने जपानी उजवे संतापले. तंबाखूविरोधी संघटनेने पात्रांच्या धूम्रपानावर तक्रार केली ती वेगळीच. ‘बेअरफूट गेन’ची गोष्ट त्याहून गंभीर आहे. केइजी नाकाझावांच्या या मांगावर 1983 मध्ये चित्रपट झाला. 2012 मध्ये मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने हा मांगा शाळांच्या ग्रंथालयांत मुलांच्या हाती सहज लागू नये असं सांगितलं. गदारोळानंतर 2013 मध्ये निर्णय मागे घेतला गेला. 2023 मध्ये हिरोशिमाच्या शिक्षण मंडळानेच तो शांतताशिक्षणाच्या साहित्यातून वगळला. म्हणजे ज्या कलाकृती परदेशी संस्था ‘जपानची साक्ष’ म्हणून दाखवतात, त्यांच्यावर जपानमध्येच वाद चालू असतो, हे प्रेक्षकाला सांगितलं पाहिजे.

आणि प्रचारपट? ‘मोमोतारो’त जपानी सैनिक बनलेले प्राणी बेटावरच्या स्थानिक प्राण्यांना जपानी मुळाक्षरं शिकवतात. गोंधळ उडतो, मग एकजण वाद्य घेतो आणि मुळाक्षरांचं गाणं होतं. प्रसंग इतका लोभस आहे, की पाहणारा मान डोलावतो आणि मग त्याला उमजतं, आपण वसाहतीतली शाळा पाहतो आहोत. असे चित्रपट फक्त अभ्यासकांना दाखवावेत, असं काही संग्राहक म्हणतात. जाहीरपणे, पण प्रस्तावनेसह दाखवावेत, असं इतरांचं मत. मी दुसऱ्या बाजूचा आहे, कारण चित्राची मोहिनी प्रचाराला कशी कामाला येते, हे व्याख्यानापेक्षा त्या चार मिनिटांत नीट कळतं.

सगळ्या चर्चांत एक उणीव मात्र सगळीकडे सारखी दिसते. खेळ संपला, की लोक कथेवर बोलतात, संदेशावर बोलतात, जपानवर बोलतात. चित्रं कशी काढली यावर कोणी बोलत नाही. ‘फायरफ्लाइज’मध्ये माणसांच्या बाह्यरेषा नेहमीच्या काळ्या रंगाऐवजी तपकिरी आहेत. रंगसंयोजक मिचियो यासुदा यांच्या हातचं हे काम. त्या एका निर्णयाने माणसं मागच्या धुरात, मातीत, संध्याकाळच्या उजेडात मिसळतात आणि चित्रपटाला जुन्या आठवणीचा रंग येतो. युद्धाबद्दलची चर्चा इथून सुरू केली, तर ती घोषणांकडे जात नाही. चर्चेला प्राध्यापक बोलवावा तसा एक चित्रकारही बोलवावा, एवढा माझा आग्रह आहे.

भाषा, वय, पडदा

सबटायटल की डबिंग, हा वाद जुना आहे. संग्रहालयं मूळ आवाज आणि सबटायटल पसंत करतात. मुलांसाठी काम करणारे म्हणतात, की आठ वर्षांचं मूल खालची ओळ वाचेल की चित्र पाहील? दोघांचंही बरोबर आहे. सकाळचा खेळ डब केलेला आणि संध्याकाळचा मूळ भाषेतला, हा तोडगा अनेक ठिकाणी चालतो. वयाचा प्रश्न अधिक नाजूक. ॲनिमेशन पाहून पालक बिनदिक्कत मुलांना घेऊन येतात आणि समोर कोन यांचा ‘परफेक्ट ब्लू’ असतो. भारतात 2023 च्या दुरुस्तीनंतर 7, 13 आणि 16 वर्षांचे टप्पे प्रमाणपत्रात आले आहेत, पण फिल्म सोसायटीच्या सभासदांपुरत्या खेळात ती जबाबदारी आयोजकावरच येते.

मोठ्या पडद्याचं महत्त्व जपानने कोविडच्या काळात दाखवलं. जून 2020 मध्ये चित्रपटगृहं उघडली, नवे चित्रपट नव्हते, तेव्हा जिब्लीचे चार जुने चित्रपट पुन्हा लावले गेले आणि लोक आले. मिताकाच्या जिब्ली संग्रहालयात याहून वेगळा धडा आहे. तिथे फक्त तिथेच पाहायला मिळणारे लघुपट दाखवतात, प्रोजेक्टरची खोली काचेची आहे, आणि प्रवेशाचं तिकीट म्हणून खऱ्या 35 मिलिमीटर फिल्मचा तुकडा हाती येतो. मूल तो उजेडाकडे धरतं आणि विचारतं, ही तीन चित्रं सारखीच का आहेत? तिथूनच शिकवणं सुरू होतं.

हक्क आणि जतन

जपानच्या कायद्यात विनाशुल्क, नफ्याविना आणि मोबदला न देता केलेल्या खेळाला सूट आहे. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शिक्षणसंस्थेला विद्यार्थी, शिक्षक, पालक अशा मर्यादित प्रेक्षकांपुरती सवलत मिळते. गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाला किंवा सांस्कृतिक मंडळाला ती आपोआप मिळत नाही. 2020 पासून जिब्लीचे बहुतेक चित्रपट भारतात नेटफ्लिक्सवर आहेत, म्हणून घरगुती खात्यावरून सभागृहात खेळ लावायचा मोह होतो. ते नियमांत बसत नाही. ‘फायरफ्लाइज’चे हक्क मूळ कथेच्या प्रकाशनसंस्थेकडे असल्याने तो जिब्लीच्या इतर चित्रपटांबरोबर बराच काळ मिळत नसे. लहान संस्थांना परवडेल असा परवान्याचा सोपा मार्ग कोणता, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

जतनाचा प्रश्न याहून तातडीचा आहे. कॅमेऱ्याखालून गेलेले सेल पूर्वी फेकून दिले जात किंवा धुऊन पुन्हा वापरले जात. जे उरले ते आता वाकतात, आंबूस वास सोडतात. ‘साझाए-सान’ ही मालिका 2013 मध्ये डिजिटल झाली आणि दूरचित्रवाणीवरचं सेलचं युग संपलं. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांच्या पुढाकाराने 2017 मध्ये ॲनिमेशन आणि विशेष-दृश्यपटांच्या साहित्यासाठी एक संस्था उभी राहिली. जपानचं राष्ट्रीय फिल्म अर्काइव्हही 2018 पासून स्वतंत्र झालं. पण जपायचं काय, पूर्ण चित्रपट की त्यामागची लाखो कागदी चित्रंही, आणि जागेचा खर्च कोणी उचलायचा, यावर तोडगा नाही. जुलै 2019 मध्ये क्योटो ॲनिमेशनच्या इमारतीला लावलेल्या आगीत 36 जण गेले आणि जुने कागदही जळाले. माणसांच्या दुःखापुढे कागदांचं काय, असं वाटणं साहजिक आहे. पण गेलेल्यांच्या हातचं काम त्या कागदांवरच होतं.

मराठी प्रेक्षकापाशी

आपला या चित्रांशी संबंध वाटतो त्याहून जुना आहे. 1993 मध्ये दूरदर्शनवर रविवारी लागणारी मोगलीची मालिका निप्पॉन ॲनिमेशनची होती. गुलजारांच्या गाण्यामुळे ती कुणाला परकी वाटली नाही. ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ तर दोन देशांचं काम. यूगो साको यांची कल्पना, आणि दिग्दर्शनात त्यांच्यासोबत कोइची सासाकी आणि मुंबईचे राम मोहन. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात 1956 पासून घडलेले राम मोहन भारतीय ॲनिमेशनचे आद्य गुरू. हा चित्रपट 1993 च्या सुरुवातीला दिल्लीत भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, पण बाबरी मशीद पाडल्यानंतरच्या त्या तणावाच्या दिवसांत त्याचं नीट प्रदर्शन झालं नाही. जानेवारी 2025 मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, भाषा हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी. मराठी नव्हती.

ही गैरहजेरी मला बोचते. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, रसास्वाद शिबिरांची सवय आहे. मुंबईत 1968 पासून प्रभात चित्र मंडळ आहे. इतकं सगळं असताना जपानीतून थेट मराठीत सबटायटल करण्याचं काम मात्र कोणी हाती धरलेलं दिसत नाही. खेळाची चर्चा मराठीत होते आणि संवाद इंग्रजीतून वाचले जातात. शहरातल्या प्रेक्षकाला हे चालतं, जिल्ह्याच्या ठिकाणच्या शाळेला चालत नाही.

सुरुवात करायला एक चित्रपट तयार आहे. तेत्सुको कुरोयानागींचं ‘तोत्तोचान’ मराठी शिक्षक-पालकांच्या घराघरांत आहे. त्यावरचा शिन्नोसुके याकुवा दिग्दर्शित ॲनिमेशनपट डिसेंबर 2023 मध्ये जपानमध्ये आला आणि पुढच्या वर्षी आनेसीत त्याला पुरस्कार मिळाला. पोलिओ झालेल्या यासुआकीला तोत्तो झाडावर चढवते, तो प्रसंग इथल्या अनेकांनी वाचताना मनात रंगवलेला आहे. आता तो दुसऱ्याने काढलेला पाहायचा आहे, आणि त्याच शाळेभोवती हळूहळू आवळत जाणारं युद्धही. पुस्तक वाचलेल्या शिक्षकांसमोर हा चित्रपट लावला, तर पहिला प्रश्न आपोआप चित्रांवरच येईल: आम्ही मनात पाहिलेली तोमोए शाळा यांनी अशी का काढली? त्यासाठी हक्कधारकांना पत्र लिहिणारी एक संस्था, सबटायटल करणारे दोन-तीन जाणकार आणि खेळानंतर बोलायला एक चित्रकार लागेल.